म्हातारपण आणि कॅन्सरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचं काम किती मोठं, ते कसं बघायचं

आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी कुणीतरी एका शास्त्रज्ञाबद्दल अर्धा तास बोलायचं असतं आणि एकदा ती पाळी माझ्यावर आली. मी बारावीला बायोलॉजी शिकवते म्हणून सगळ्यांनी धरूनच चाललं की हिला जमणार. मी निवडलं ज्युडिथ कॅम्पिसी यांना. पेशींचं म्हातारपण आणि कॅन्सर यांचं नातं उलगडणाऱ्या अमेरिकन बाई, जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. तयारी काय केली तर गुगल स्कॉलर उघडलं, पेपर किती, सायटेशन किती म्हणजे दुसऱ्यांनी ते पेपर किती वेळा उद्धृत केले, अवॉर्ड कुठले ते सगळं वहीत उतरवलं आणि रविवारी धडाधड वाचून दाखवलं. संपल्यावर आमचे जुने मास्तर, वय ऐंशीच्या पुढे, मागच्या बाकावरून शांतपणे म्हणाले, "बाय, तें सगळें जालें, पूण तिणें केलें कितें?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे पेशी, सेनेसन्स (पेशी म्हातारी होऊन विभागायची थांबते ते) वगैरे शब्द तोंडात होते, पण तिच्यामुळे नक्की काय बदललं हे एका वाक्यात सांगता येईना. त्यानंतर मी बसून हे कसं करायचं ते शिकले आणि आता कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी, सेमिनारसाठी तेच विचारायला येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. तीन-चार संध्याकाळी लागतील. एका बसण्यात होणारं काम नाही हे.

सुरुवात त्या शास्त्रज्ञापासून करायची नाही, त्याच्या आधीपासून करायची. त्याने काम सुरू केलं तेव्हा लोक काय खरं मानत होते ते आधी शोधा. हे कळल्याशिवाय बाकी सगळा आकड्यांचा बाजार आहे. लिओनार्ड हेफ्लिक यांचं घ्या. शरीरातल्या साध्या पेशी ठराविक वेळाच विभागतात, सुमारे ५० वेळा, मग थांबतात, हे त्यांनी दाखवलं. आज हे वाचून तुम्ही म्हणाल बरं मग? पण त्यांच्या आधी अॅलेक्सिस कॅरेल नावाचे नोबेल मिळालेले डॉक्टर होते, त्यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या आणि त्या तीस वर्षांहून जास्त चालू राहिल्या असं जगभर सांगितलं गेलं. म्हणजे पेशी शरीराबाहेर अमर असते, म्हातारपण पेशीत नसतं, बाहेरून येतं, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं. कुणाच्या पेशी मेल्या तर लोक म्हणायचे तुझ्या हातात दोष आहे, तुझं पाणी, तुझं मिडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात तो रस, खराब.

आता हेफ्लिकनी यावर काय तोड काढली बघा, मला हा प्रयोग फार आवडतो. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये ते आणि पॉल मूरहेड काम करत होते. त्यांनी पुरुषाच्या जुन्या, पुष्कळ वेळा विभागून झालेल्या पेशी घेतल्या आणि बाईच्या ताज्या पेशी घेतल्या, दोन्ही एकाच भांड्यात मिसळल्या. क्रोमोसोम बघून कुठली पुरुषाची कुठली बाईची ते ओळखता येतं. काही काळाने बघितलं तर भांड्यात बाईच्याच पेशी उरलेल्या. एकच भांडं, एकच मिडियम, एकच हात, तरी जुन्या थांबल्या आणि ताज्या चालत राहिल्या. मिडियमचा दोष म्हणणाऱ्यांची बोलतीच बंद. हा पेपर आधी एका जर्नलने परत पाठवला होता, मग १९६१ मध्ये दुसरीकडे छापून आला. तुमच्या भाषणात ही गोष्ट सांगा, सायटेशन सांगू नका. आधी लोक एक मानत होते, नंतर दुसरं मानायला लागले, आणि मधे हा प्रयोग उभा आहे. इम्पॅक्ट म्हणतात तो हा.

आता कॅन्सर कुठे आला यात? तर कॅन्सरच्या पेशी थांबत नाहीत. १९५१ मध्ये हेनरिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधून घेतलेल्या हेला पेशी आजही लॅबमध्ये वाढतायत. म्हणजे साध्या पेशीला ब्रेक आहे आणि कॅन्सरच्या पेशीचा ब्रेक गेलेला आहे. ब्रेक कसला, ते नंतर एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर, जॅक शोस्टॅक यांच्या कामातून कळलं. काथ्याची दोरी बघितलीय ना, टोकाला गाठ मारली नाही तर उसवत जाते, तसं क्रोमोसोमच्या टोकाला टेलोमेर असतात आणि पेशी विभागताना दर वेळी ते थोडे आखूड होतात, फार आखूड झाले की पेशी थांबते. टेलोमेरेज नावाचं एन्झाइम ती टोकं परत लांबवतं, ते ग्रायडर यांना १९८४ च्या ख्रिसमसच्या दिवशी लॅबमध्ये पहिल्यांदा दिसलं, तेसुद्धा डबक्यातल्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशी जीवात. १९९४ मध्ये माणसाच्या ट्यूमरांचे नमुने तपासले तर साधारण ९० टक्क्यांत हे एन्झाइम चालू सापडलं. नोबेल २००९ ला. डबक्यातला जीव ते कॅन्सर, एवढी लांब साखळी आहे, आणि अशी साखळी काढून दाखवणं हेच तुमचं काम.

आता कॅम्पिसी बाईंकडे येऊ, कारण पद्धत त्यांच्यावरच शिकवायची आहे मला.

दुसऱ्या संध्याकाळी करायचं काय तर पेपर शोधायचे. पबमेड ही इंटरनेटवरची मेडिकल-बायोलॉजी पेपरांची यादी फुकट आहे, तिथे आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर टाकायचं. इथेच पहिली गोची होते. कॅम्पिसी नाव तसं कमी सापडतं, पण आपल्याकडच्या एखाद्या शास्त्रज्ञाचं बघायचं असेल तर? एस. नाईक टाकून बघा, अर्धा गोवा बाहेर येईल. मी एकदा एका सरांची यादी करताना माशांवरचे, हाडांच्या ऑपरेशनवरचे आणि प्लास्टिकवरचे पेपर एकाच माणसाच्या नावावर चढवले होते आणि मनात म्हणत होते काय अष्टपैलू माणूस आहे. तर ऑर्किड म्हणून १६ आकड्यांचा नंबर असतो, संशोधकाचं आधार कार्डच समजा, तो सापडला तर त्यावरून शोधा. नाहीतर संस्थेच्या पानावरची यादी घ्या आणि तिच्याशी ताडून बघा.

मग नावांचा क्रम बघायचा. बायोलॉजीत पहिलं नाव म्हणजे बहुतेक वेळा ज्याने हाताने प्रयोग केले तो, शेवटचं नाव म्हणजे ज्याची लॅब, ज्याचा विचार, ज्याने पैसे आणले तो. मधली नावं मदतीची, कधी मोठी मदत कधी एक ट्यूब दिलेली. एखाद्याचे ३०० पेपर असतील आणि २५० मध्ये तो मधे असेल तर ते वेगळं वजन आणि ३० मध्ये शेवटी असेल ते वेगळं. गणितात वगैरे हा क्रम नाही चालत, तिथे नावं अकारविल्हे लावतात, म्हणून हा नियम सगळीकडे लावू नका.

एच-इंडेक्स नावाचा आकडा सगळीकडे दिसेल. तो २००५ मध्ये होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्यांनी सुचवला. एच २० म्हणजे २० पेपर असे की प्रत्येकाला किमान २० वेळा कुणीतरी उद्धृत केलंय. बघून ठेवा, भाषणात वापरू नका. एक तर तो वयाबरोबर वाढतच जातो, कमी होत नाही कधी, आणि रिव्ह्यू पेपरांना, म्हणजे दुसऱ्यांचं काम गोळा करून लिहिलेल्या लेखांना, सायटेशन भरपूर मिळतात कारण सगळ्यांना सुरुवातीच्या परिच्छेदात एक सोयीचा लेख लागतो. माझी सवय अशी की सायटेशनप्रमाणे यादी लावायची, वरचे १० घ्यायचे, त्यातले रिव्ह्यू बाजूला काढायचे आणि उरलेल्यातले तीन खरोखर उघडून वाचायचे. सगळा नाही वाचला तरी चालेल, अॅबस्ट्रॅक्ट, आकृत्या आणि शेवटची चर्चा. पूर्ण पेपर मिळत नाही अशी रड करू नका, कॅम्पिसींचा २००८ चा गाजलेला पेपर प्लॉस बायोलॉजीत आहे, ते जर्नल सगळ्यांना खुलं आहे, घरी मोबाइलवर उघडतो.

तर माझे तीन पेपर आले १९९५, २००१ आणि २००८ चे. ते क्रमाने वाचले तेव्हा मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

१९९५ ला प्रश्न असा होता की थांबलेल्या पेशी फक्त काचेच्या भांड्यातच असतात की आपल्या अंगातही असतात? बघणार कसं, त्या मेलेल्या नसतात, नुसत्या थांबलेल्या असतात. कॅम्पिसींच्या लॅबमधले गोबर्धन दिमरी हे त्या पेपरचे पहिले लेखक. त्यांनी असा रंग दाखवला की पीएच ६ ला थांबलेल्या पेशी निळ्या होतात, बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या कातडीच्या नमुन्यात तो निळा रंग जास्त दिसला. आज या टेस्टचं किट बाजारात तयार मिळतं.

इथे जरा थांबते, कारण मला वाटतं इम्पॅक्टची सर्वात पक्की खूण ही आहे. परक्या माणसाने तुमचं हत्यार उचललं आणि स्वतःच्या कामाला लावलं. आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी, लोक त्यांना इतिहासासाठी ओळखतात, पण त्यांनी १९४४ मध्ये जीन्समधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं आणि आजही भाताचं किंवा गव्हाचं जेनेटिक मॅपिंग करणारा माणूस सॉफ्टवेअर उघडतो तेव्हा त्याला हॉल्डेन यांचं सूत्र की कोसंबींचं असं निवडायला मिळतं. ते निवडणाऱ्या कितीजणांना कोसंबी कोण ते माहीत असेल? आणि त्यातले कितीजण १९४४ चा पेपर उद्धृत करत असतील? काम इतकं मुरलं की नाव लिहायची गरजच राहिली नाही, आणि हे सायटेशनच्या आकड्यात कुठेच पकडलं जात नाही. म्हणून तुमच्या शास्त्रज्ञाचं असं काही आहे का बघा, टेस्ट, पेशींची जात, उंदराची जात, सूत्र, काहीही. हेफ्लिकनी तयार केलेल्या डब्ल्यूआय-३८ पेशींवर रुबेलासारख्या लशी बनल्या, ते कुठल्या एच-इंडेक्समध्ये बसवणार.

२००१ चा पेपर म्हणजे कोड्याचा मधला तुकडा. सगळे म्हणत होते पेशी थांबणं हे कॅन्सरपासून संरक्षण आहे, आणि ते खरंही आहे. १९९७ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं होतं की साध्या पेशीत रास नावाचा कॅन्सरकारी जीन घातला की ती बेलगाम वाढत नाही, उलट थांबते. मग प्रश्न असा की वय वाढेल तशी ब्रेक लागलेल्या पेशींची संख्या वाढते, तरी कॅन्सर म्हातारपणीच जास्त का होतो? कॅम्पिसींच्या लॅबने थांबलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी, म्हणजे अवयवांना आधार देणाऱ्या जोडपेशी, शेजारी ठेवल्या आणि बघितलं, तर कॅन्सरच्या वाटेवर असलेल्या शेजारच्या पेशी जोरात वाढल्या, उंदरात ट्यूमर झाले. साध्या धडधाकट पेशींवर तसा परिणाम नाही झाला.

आणि २००८ ला कारण सविस्तर आलं. थांबलेली पेशी गप्प बसत नाही, ती आयएल-६, आयएल-८ असले सूज आणणारे पदार्थ सतत बाहेर सोडत असते. याला त्यांनी नाव दिलं सास्प. मी वाचनालयात हे असं सांगितलं की सोप्यावर बसलेला एखादा म्हातारा असतो, स्वतः जागचा हलत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी बोलून अख्ख्या वाड्यात भांडणं लावतो. सगळे हसले, मास्तरसुद्धा, थोडे कमी हसले. पण तोच म्हातारा रात्री चोर आला तर सगळ्यांत आधी ओरडतो, हेही सांगायला विसरू नका, कारण २०१४ मध्ये त्याच लॅबमधून आलं की उंदराच्या जखमेत या थांबलेल्या पेशी थोडा वेळ येतात आणि जखम भरायला मदत करतात. त्याचे पहिले लेखक मार्को डेमारिया, आता त्यांची स्वतःची लॅब नेदरलँड्सला ग्रोनिंगेनमध्ये आहे. कुणाच्या हाताखालून कोण बाहेर पडलं हेही बघत चला.

तर एका वाक्यातलं उत्तर असं झालं, की जी गोष्ट कॅन्सरपासून तरुणपणी वाचवते तीच म्हातारपणी शेजाऱ्यांना बिघडवते हे तिने पेशीत दाखवून दिलं. असलं एक वाक्य मिळेपर्यंत भाषण लिहायला घेऊ नका. मिळत नसेल तर एक तर तुम्ही पुरेसं वाचलं नाही किंवा त्या माणसाचं काम खरंच तेवढं नाही, दोन्ही शक्य आहे.

आता कौतुक झालं की उलट बाजू शोधायची, हे आपल्याकडे कुणी करत नाही, सत्काराच्या भाषणाची सवय आहे आपल्याला, शाल आणि श्रीफळ. त्या निळ्या टेस्टचंच घ्या. ते एन्झाइम नेहमीच्या लायसोसोममधलंच, म्हणजे पेशीतल्या कचरा मोडणाऱ्या पिशवीतलंच आहे, थांबलेल्या पेशीत ते खूप साठतं म्हणून पीएच ६ ला दिसतं, एवढंच. भांड्यात दाटीने वाढलेल्या, उपाशी ठेवलेल्या पेशीही कधी निळ्या होतात. म्हणून आता एका टेस्टवर कुणी भरवसा ठेवत नाही, सोबत पी१६ नावाचं प्रोटीन वगैरे दोन-तीन खुणा बघतात. हे सांगितल्याने बाईंचं काम लहान होत नाही, लोक अजून त्यावर वाद घालतायत म्हणजे ते जिवंत आहे. पेपर मागे घेतला गेलाय का तेही बघून घ्या, पबमेडमध्ये वरच तसं लिहिलेलं असतं.

कंपनीचा मुद्दा वेगळा. कॅम्पिसी युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीच्या संस्थापकांपैकी होत्या, थांबलेल्या पेशी औषधाने मारायच्या हा तिचा धंदा होता. २०११ आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या गटाने उंदरांतून अशा पेशी काढून दाखवल्या होत्या आणि उंदरांना फायदा झाला होता, त्यामुळे सगळे जोरात होते. मग २०२० च्या ऑगस्टमध्ये गुडघेदुखीवरच्या युनिटीच्या औषधाची दुसऱ्या टप्प्याची ट्रायल फेल गेली, डमी औषधापेक्षा काही फरक दिसला नाही. भाषणात हे लपवू नका. उंदीर आणि माणूस यांच्यात मांडवी-झुआरी दोन्ही नद्या आडव्या आहेत आणि प्रत्येक वेळी फेरीबोट मिळेलच असं नाही. ट्रायल कुठे पोचली ते क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी रजिस्ट्रीवर दिसतं, अमेरिकेची आहे तशी आपलीही आहे, दोन्हीकडे शोधता येतं. कुणाचे पैसे कशात आहेत ते पेपरच्या तळाशी लिहिलेलं असतं, ते बारीक अक्षर वाचायचं.

फॉरवर्डवरून शास्त्रज्ञ निवडू नका, हे खास सांगते. एकादशी आली की आमच्या ग्रुपवर येतंच येतं, जपानी शास्त्रज्ञाला उपवासाने कॅन्सर बरा होतो हे शोधल्याबद्दल नोबेल मिळालं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. मिळालं ते पेशी स्वतःचाच कचरा कसा मोडून वापरते, म्हणजे ऑटोफॅजी, ती कुठल्या जीन्समुळे चालते यासाठी, आणि मुख्य काम यीस्टवर झालं, पाव फुगवतो ते यीस्ट. आणि गंमत म्हणजे वाढलेल्या ट्यूमरमध्ये हीच ऑटोफॅजी कॅन्सरच्या पेशीला उपासमारीत तगून राहायला मदतही करू शकते. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना मी हे लिहून पाठवलं तर त्यांनी नुसता नमस्काराचा हात पाठवला.

लिहायला बसाल तेव्हा अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं "आधी काय मानत होते" याला द्या, मग एकच प्रयोग नीट सांगा, भांडं, रंग, उंदीर सगळं डोळ्यासमोर येईल असा, मग उलट बाजू. अवॉर्ड शेवटी एका वाक्यात, वेळ उरला तर. टेलोमेरसाठी खिशात काथ्याचा तुकडा घेऊन जा, मी नेते, पोरांच्या हातात देते, तेच उसवतात. आणि जूनमध्ये पाळी आली असेल तर स्लाइडवर विसंबू नका, आमच्याकडे पहिल्या गडगडाटाला लाइट जाते.

शेवटी प्रश्नांना वेळ ठेवा, पहिला प्रश्न हमखास येतो की मग आता आम्ही खायचं काय, गोळी कुठली घ्यायची. सरळ सांगायचं की म्हातारपण थांबवणारी अशी मान्यता मिळालेली एकही गोळी अजून नाही, आणि कॅन्सरचं काही असेल तर बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना दाखवा, माझ्याकडे काय विचारता. गेल्या वेळी हे सांगून मी खाली आले तर मास्तर गाड्यावर पातळभाजी-पाव खात उभे होते, म्हणाले, आज कळलें.